दरूद तेवढा उरला

हॉस्पिटलात स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक आहे. त्या बाकावर मी चार महिने बसलो. तिथे बसलेल्या घरच्यांच्या तोंडावर एकच सवाल असतो. आपल्या माणसाची अक्कल गेली, की नुसती जीभ?

जीभ गेली. अक्कल आहे. आत सगळं जसंच्या तसं चालू असतं. तुम्ही त्याच्यासमोर त्याच्याबद्दल काय बोलता ते सगळं त्याला ऐकू येतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मी हसन. वय एकाहत्तर. शाळा चौथी, तीसुद्धा खाडीकाठच्या गावातली मराठी शाळा. इथे बोलणं शिकवणाऱ्या लिझा मॅडम म्हणाल्या, चाचा, तुमचं लिहा, बाकावरच्या लोकांना बरं पडेल. मी नाही म्हटलं. आता मला नाही म्हणता येतं, म्हणून म्हटलं. मग चार दिवसांनी वही घेतली. उजवा हात अजून पेन धरत नाही, त्यामुळे हे डाव्या हाताचं अक्षर आहे. रोज अर्धं पान. शुद्धलेखन माझ्या दोस्ताच्या, सावंतच्या सुनेने बघितलंय, पण शब्द माझे आहेत. तिला मी एकही शब्द बदलू दिलेला नाही.

*

आधी दरूदचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्यात पैगंबरांचं नाव घेतलं किंवा कानावर आलं, की त्यांच्यावर अल्लाची रहमत असो, सलामती असो, असं म्हणायचं असतं. त्याला दरूद म्हणतात. अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद, इथून सुरू होतो. कोण नमाजनंतर पढतो, कोण जुम्म्याला, शुक्रवारी, जास्त पढतो. स्वतःसाठी त्यात काही मागायचं नसतं.

माझा बाप खाडीत होड्यांची शिडं शिवायचा. त्याने मला दाभण हातात दिला तेव्हाच सांगितलं, एका टाक्याला एक दरूद. दाभण खाली जाताना अर्धा, वर येताना उरलेला. घाईत पढलास तर टाका आखूड पडेल, रेंगाळलास तर लांब. दरूद नीट पढ, टाके आपोआप सारखे येतील. आणि खरंच यायचे. बापाने शिवलेल्या शिडावर पट्टी लावून बघा, एक टाका इकडचा तिकडे नसायचा.

मी मुंबईला आलो, बारा वर्षं मिलमध्ये काढली. मिल गेली तेव्हा परत बापाचा दाभण धरला. लालबागला सावंतचा गाळा आहे, तिथे तो ताडपत्र्या आणि मंडपाचं कापड शिवायचा. सावंत मिलमधला दोस्त. त्याच्या गाळ्यात चाळीस वर्षं मी बसलो. गणपतीच्या आधी दोन महिने मान वर करायला फुरसत नसायची. तळहाताला चामडं बांधायचं, दोऱ्याला मेण लावायचं आणि सुरू. एक टाका, एक दरूद. किती लाख झाले असतील, अल्लाला माहीत.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला लाज वाटते, पण लपवून ठेवली तर हे लिहिण्यात अर्थ नाही. माझं तोंड घाण होतं. टाक्याला दरूद आणि टाका चुकला की शिवी. दोरा तुटला शिवी, चहा गार आला शिवी. सावंत म्हणायचा, "रे हसन्या, एका टाक्याक देवाचा नाव नि दुसऱ्याक माझ्या बापाशीचा? एकाच तोंडातसून दोन्ही कसा येता रे तुका?" मी म्हणायचो, तुझ्या कामाला दोन्ही लागतात. लोक हसायचे. लालबागमध्ये माझ्या तोंडाला लोक घाबरून असत, आणि मला त्याचा गर्व होता.

*

तो दिवस. सकाळचे दहा साडेदहा झाले असतील. मोठी ताडपत्री अंगावर घेऊन बसलो होतो. दाभण हातातून पडला. उचलायला गेलो तर बोटं दाभणाला शिवत होती, पण धरत नव्हती. सावंत समोर हसला. मी त्याला त्याच्या बापावरून शिवी घालायला तोंड उघडलं.

तोंडातून दरूद आला.

पूर्ण. स्वच्छ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडे तिकडे नाही.

मी थांबलो. परत तोंड उघडलं, या वेळी म्हणायचं होतं, अरे मला काहीतरी होतंय. परत दरूद. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो माझं ऐकत नव्हता. आयुष्यात मी मिलची आग बघितली, दंगल बघितली, बापाला मातीत ठेवलं. इतका कधी हादरलो नाही. आपल्याच घराच्या दाराला आतून कुलूप लागावं आणि आपण बाहेर उभे असावं, असं झालं.

सावंत जवळ आला. "काय रे, हात आखडलो? जरा पड." त्याने मला ताडपत्रीवर आडवं केलं. तळपायाला कांदा चोळला. लिंबू सरबत पाजलं. मी दरूद म्हणत होतो आणि तो मान डोलवत होता. बोलतोय म्हणजे बरा आहे, असं त्याला वाटलं. आणि तेही दरूद म्हणतोय, म्हणजे जास्तच बरा आहे.

मग टॅक्सीत घालून घरी. घरी बायकोने हात कपाळावर ठेवला. माझ्या तोंडातून दरूद ऐकला आणि तिने मला गोधडी पांघरली. "दमलेत," ती म्हणाली. "पढू दे. झोप लागेल."

कोणाची चूक म्हणू? तोंड थोडं वाकडं झालं होतं, पण मी कुशीवर होतो. चार वाजता मुलगा इरफान कामावरून लवकर आला. तो एसी दुरुस्त करतो. त्याने चहा पाजला, तो उजव्या बाजूने दाढीवरून खाली आला. त्याने माझा उजवा हात वर धरून सोडला. हात गादीवर पडला, कापडासारखा.

"अम्मा, हे झोपेचं नाही. टॅक्सी बोलाव."

हॉस्पिटलात डॉक्टरने पहिला सवाल विचारला, कधीपासून? सकाळी दहापासून, असं इरफानने सांगितलं तेव्हा त्या पोराएवढ्या डॉक्टरने पेन खाली ठेवलं. वेळेत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं. आता ती वेळ गेली. डोक्यातली डावीकडची नस बंद झाली होती.

म्हणून बाकावरच्या लोकांनो, तुमच्या घरात दुसरंही कोणी म्हातारं असेल. तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं बदललेलं, यातलं एक जरी दिसलं तरी कांदा चोळत बसू नका. तो देवाचं नाव घेत असला तरी बसू नका.

*

वॉर्डमध्ये चाळीस खाटा. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकणारी पोरं. मला बघायला पोरं जास्त यायची. मी एक तमाशा होतो.

"बाबा, तुमचं नाव सांगा."

दरूद.

"हे काय आहे?" घड्याळ दाखवायचे.

दरूद.

"एक ते दहा म्हणा."

दरूद.

मोठ्या डॉक्टरांनी पोरांना सांगितलं, असं होतं. वर्षानुवर्षं घोटलेलं असतं ते डोक्यात वेगळ्या जागी राहतं. नवीन वाक्य जोडता येत नाही, पण पाठ असलेलं बाहेर येतं. कोणाचं गाणं उरतं, कोणाचे पाढे, बऱ्याच जणांच्या शिव्या उरतात.

मी खाटेवर पडून हे ऐकत होतो. शिव्या उरतात? मग माझ्या कुठे गेल्या? घोटलेलं तर दोन्ही सारखंच होतं. याचं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

खरी लाज वेगळीच होती. दरूदला अदब असते. तोंड पाक लागतं, जागा पाक लागते. संडासात, लघवीच्या जागी अल्लाचं, रसूलचं, म्हणजे पैगंबरांचं, नाव घ्यायचं नाही, हे आमच्यातल्या पोरांनाही कळतं. आणि मला वॉर्डमध्ये लघवीचं भांडं लावायला वॉर्डबॉय आला की मी काहीतरी बोलायला जायचो, पडदा ओढ, थांब, असं. आणि बाहेर काय यायचं?

पहिल्या वेळी मी रडलो. तिथून पुढे वॉर्डबॉय भांडं घेऊन येताना दिसला की डाव्या हाताने टॉवेलचा बोळा तोंडात कोंबायचो. सिस्टरला वाटलं, याला वेदना होतात. तिने डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरने गोळी वाढवली. मी गोळी थुंकली. त्यांनी माझे हात बांधायची गोष्ट काढली.

बायकोच्या मात्र लक्षात आलं. ती बिनशिकलेली, सही करायची तर अंगठा. ती टॉवेलकडे बघत राहिली, भांड्याकडे बघत राहिली, आणि संध्याकाळी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना घेऊन आली.

इमामसाहेब वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी स्टूल ओढलं. "हसनभाई, जे माणसाच्या हातात नाही त्याची विचारणा नाही. अल्ला जीभ बघत नाही, इरादा बघतो. टॉवेल काढा."

मी काढला. मला त्यांना एक विचारायचं होतं. दुआ मागताना आधी दरूद पढतात, शेवटी दरूद पढतात, मध्ये आपलं मागणं. माझ्याकडे आधी होता, शेवट होता, मधलं मागणं नव्हतं. मला बरं कर, एवढं तीन शब्दांचं मागणंही तोंडातून निघत नव्हतं. हे विचारायला तोंड उघडलं, आणि काय आलं ते तुम्हाला माहीत आहे. इमामसाहेबांचे डोळे भरले. त्यांना वाटलं, मी शुक्रिया म्हणतोय.

*

अठरा दिवसांनी घरी आलो. आमची चाळ लालबागची, दुसरा मजला, जिना उभा, संडास गॅलरीच्या टोकाला. इरफान आणि सावंत, दोघांनी खुर्चीत बसवून वर नेलं.

वॉर्डमध्ये सिस्टर चमच्याने भरवायची. घरी, उजवा हात गेला म्हणजे जेवण डाव्या हाताने. तेही आमच्यात चालत नाही. दोन दिवस मी तोंड मिटून बसलो. मग बायकोने घास भरवला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी लग्नात एकदा भरवला होता, तेवढाच. मी मान वळवली. तिने हात तसाच धरून ठेवला. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. शेवटी मी खाल्लं. भरवून घ्या, बाकावरच्या लोकांनो. अभिमानाने पोट भरत नाही.

मग ते खूळ सुरू झालं.

चाळीत बातमी पसरली, हसनचाचाची जीभ गेली पण दरूद गेला नाही. पहिल्या आठवड्यात मोहल्ल्यातली माणसं येऊन माझा हात डोळ्यांना लावून गेली. दुसऱ्या आठवड्यात पाण्याच्या बाटल्या आल्या. यात फुंकर मारा, मुलीचा ताप उतरत नाही. खालच्या मजल्यावरची परब मावशी नातवाला घेऊन आली, त्याला रात्रीचं दचकायला होतं. मी, ज्याने याच परब मावशीला नळावरून काय काय ऐकवलं होतं! मला ओरडून सांगायचं होतं, चला, निघा सगळे, मी कोणी बाबा नाही, मी तोच हसन आहे. जितकं चिडून ओरडायचो तितका दरूद मोठ्याने यायचा. आणि जितका मोठ्याने यायचा तितकी त्यांची मान खाली.

सावंत तेवढा हसायचा. खाटेच्या कडेला बसून कानात म्हणायचा, "मेल्या, शिव्या घालतंस ना मनातल्या मनात? माका ठाऊक आसा. घाल, घाल. मी ऐकतंय." त्या दिवसांत मला माणूस समजणारा तो एकटाच.

*

लिझा मॅडम वांद्र्याहून हॉस्पिटलात येतात, वयाने माझ्या नातीएवढ्या, गळ्यात बारीक क्रॉस. आठवड्यातून दोनदा इरफान मला खाली उतरवून त्यांच्याकडे न्यायचा. दीड महिना काही जमलं नाही. चित्र दाखवायच्या, कप, छत्री, गाय. मी दरूद म्हणायचो आणि टेबलावर मूठ मारायचो.

एक दिवस त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं. "चाचा, तुम्ही एकसारखी मूठ मारता. तालात. कुठे शिकलात?"

सावंत बरोबर होता. त्याने त्यांना टाक्याची गोष्ट सांगितली. मॅडम उठल्या. मग ड्रॉवरमधून एक जाड कापडाचा तुकडा काढला आणि माझ्या डाव्या हातात पेन दिलं, दाभणासारखं धरायला. "शिवा."

मी शिवल्यासारखं केलं. दरूद निघाला, हात खाली, हात वर. त्या म्हणाल्या, "आता हात तसाच चालू द्या. तोच ताल, तोच सूर. फक्त शब्द माझा घ्या. पा, णी."

मी पेन फेकलं.

दरूदच्या चालीवर पाणी म्हणू? जी चाल बापाने दिली, ज्या चालीवर रसूलवर सलाम जातो, ती भाड्याने देऊ? मी खुर्ची सरकवायला लागलो. मॅडम चिडल्या नाहीत. घरी जाऊन इमामसाहेबांना सावंतनेच विचारलं. ते म्हणाले, "दरूद माणसाला हात धरून वर ओढत असेल तर त्यात बेअदबी कसली? वर आल्यावर अजून पढतील."

मी पुढच्या खेपेला पेन उचललं. तीन आठवड्यांनी पहिला तुकडा आला. पा. नुसता पा. मॅडमने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला मात्र पाणी नको होतं. मला एकच शब्द हवा होता. नाही. मी आयुष्यभर त्या शब्दावर जगलो होतो.

आणि त्याची गरज पडणार होती.

*

इरफानने ठरवलं होतं, मला गावाला न्यायचं. चुलतभावाचं घर, तळमजला, पुढे पडवी, मशीद अंगणापलीकडे. इथे जिना, तिथे जिना नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. खुर्ची उचलून उचलून त्याची पाठ गेली होती.

"अब्बा, गावाला जायचं ना? मोकळी हवा."

दरूद.

"बघ अम्मा, तयार आहेत."

मी डाव्या हाताने खाट बडवली. तो म्हणाला, "बघ, किती खूश झाले!"

गावाला लिझा मॅडम नाहीत. त्यांनी इरफानला स्पष्ट सांगितलं होतं, आत्ता कुठे सुरू झालंय, मध्येच तुटलं तर जे येतंय तेही थांबेल. म्हणजे मी गावाला गेलो तर मरेपर्यंत पडवीत बसून बाटल्यांत फुंकर मारणार. इरफान म्हणाला, "बोलले नाहीत तरी काय अडतंय अम्मा? सगळं कळतं त्यांना."  बायकोलाही गाव हवं होतं, हे मला दिसत होतं. पुढच्या जुम्म्याची जीप ठरली.

मी जिद्दीला पेटलो. दिवसभर मांडीवर डावी बोटं, खाली वर, खाली वर. ना, ही. ना, ही. सोमवारी मॅडमकडे अर्धा आला. मंगळवारी दुपारी घरी, कोणी नसताना, पूर्ण आला. नाही. मी एकटाच हसलो.

बुधवारी दुपारी सावंतवहिनी आल्या. बायको आणि त्या दाराशी सुकट निवडत बसल्या. मी पडद्याआड खाटेवर डोळे मिटून होतो. त्यांना वाटलं, झोपलोय.

वहिनी म्हणाल्या, "सकीना, कंटाळा नाय येत गो तुला? दिवसभर तेच तेच ऐकून?"

"कंटाळा?" बायको म्हणाली. सुकट सुपात उडवल्याचा आवाज आला. "वहिनी, सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा या घरात मला माझा आवाज ऐकू येतोय. सकाळी उठल्यावर आधी कानोसा घ्यायची मी, आज कशावरून सुरू होतील म्हणून. आता चहा दिला तरी दरूद, सांडला तरी दरूद. सगळे म्हणतात, अल्लाने त्यांच्यावर मेहेरबानी केली." तिने सूप खाली ठेवलं. "माझ्यावर केली."

वहिनी हसल्या. ती हसली नाही.

नस बंद झाली तेव्हा दुखलं नव्हतं. हे दुखलं. मी डोळे मिटून पडलो होतो आणि सेहेचाळीस वर्षं उलटी फिरत होती. मी तिच्यावर हात कधी उचलला नाही, याचा मला गर्व होता. हात कशाला उचलायला लागतोय, तोंड होतं ना. ताट भिरकावलेलं आठवलं. तिच्या आईवरून बोललेलं आठवलं, ती आई वारली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि हेही आठवलं, की मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. गो, ऐकलंस का, कुठे मेलीस. गाळ्यात बसून मी टाक्याटाक्याला मदिन्याला सलाम पाठवत होतो. जो डबा उघडून जेवायचो तो भरणारीला एक सलाम कधी गेला नाही.

शिव्या का उरल्या नाहीत, असं मी अल्लाला विचारत होतो. तिने मात्र त्याचे आभार मानले होते.

*

गुरुवारी संध्याकाळी इरफान बॅग भरायला बसला. सावंत निरोप द्यायला आला होता. बायको माझे सदरे घडी करत होती, तिच्या दोन साड्या आधीच बॅगेत होत्या.

"अब्बा, उद्या सकाळी निघू. चालेल ना?" इरफानने सवयीने विचारलं.

माझी बोटं मांडीवर चालू झाली. शब्द तयार होता. जिभेच्या टोकावर आला होता. इतक्या मेहनतीने कमावलेला, माझा सगळ्यात लाडका शब्द.

मी बायकोकडे बघितलं. तिने माझी बोटं बघितली होती. तिला कळलं होतं काहीतरी येतंय. सदरा छातीशी धरून ती उभी होती, खांदे वर घेतलेले, मान जराशी आत. हे मी आयुष्यभर बघितलं होतं आणि कधीच बघितलं नव्हतं. ताट अंगावर यायच्या आधी बाई अशी उभी राहते.

मी तो शब्द गिळला. इतके महिने माझे शब्द आजाराने अडवले होते. हा पहिला, जो मी स्वतः अडवला.

बोटं परत चालू केली. दाभण खाली, दाभण वर.  दरूद यायला लागला, त्याला येऊ दिला, पूर्ण होऊ दिला, आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच तालात, तुटत तुटत आलं:

"स... की... ना."

सदरा तिच्या हातातून पडला.

"अब्बा!" इरफान ओरडला. सावंत खाटेवर येऊन बसला, माझा गाल हलवत म्हणाला, "आता माझा नाव घे! मेल्या, चाळीस वर्षां तुझ्या शिव्ये खाल्लंय, माझा नाव घे!"

बायको पुढे आली नाही. "काय म्हणालात?" तिने तिथूनच विचारलं.

मी घामाघूम झालो होतो. पुढचे दोन शब्द यायला केवढा वेळ लागला ते सांगता येत नाही. 

"तू... सांग."

तिला कळायला एक क्षण लागला. या घरात तिला कोणी काही सांगायला सांगितलं नव्हतं. ती खाली बसली, बॅगेकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. गावची पडवी तिला हवी होती. मला माहीत होतं. मी तोंड मिटून बसलो. ती जे म्हणेल ते होणार होतं, आणि मी घाबरलो होतो.

तिने बॅगेतून तिच्या दोन साड्या काढल्या. मग माझे सदरे काढले.

"इथेच राहू," ती इरफानला म्हणाली. "त्या पोरीकडे शिकू दे यांना." मग माझ्याकडे वळली. सेहेचाळीस वर्षांत तिने माझ्या डोळ्यांत इतकं सरळ बघितलं नव्हतं. "पण एक ऐका. शिव्या परत आल्या, तर मी एकटी जाईन गावाला. जीपवाल्याचा नंबर इरफानकडे आहे."

सावंत आणि इरफान हसले. ती हसत नव्हती.

*

याला आता वर्ष झालं. मला बरंच बोलता येतं. चिडलो, घाबरलो की मध्येच शब्द हरवतो आणि त्याच्या जागी दरूद येतो. आता मी बोळा कोंबत नाही, येऊ देतो. पाण्याच्या बाटल्या बंद झाल्या, कारण मी नाही म्हणायला शिकलो. शिव्या परत आल्या का, असं लिझा मॅडमने विचारलं होतं. येत नाहीत की येऊ देत नाही, ते मी सांगितलं नाही. सावंतलाही नाही सांगितलं.

उजवी बाजू अजून बरीचशी मेलेलीच आहे, ती तशीच राहणार, डॉक्टर म्हणाले. सावंतने घरीच काम आणून दिलंय, लहान ताडपत्र्या, कडेची शिलाई. डाव्या हाताचे टाके वाकडे जातात. बापाने बघितले असते तर उसवले असते. तरी एका टाक्याला एक दरूद, तो चुकत नाही. फक्त आता पढताना तो कोणाला जातोय ते ध्यानात असतं.

दोरा संपला की गाठ मारायची असते. गाठ मारताना दरूद नसतो, ती जागा मोकळी असते. तेव्हा मी हाक मारतो.

"सकीना."

"काय?" ती आतून म्हणते.

"काही नाही."

"मग कशाला हाक मारता?"

"बघतो, येतं का."

आत परत भांडी वाजायला लागतात. पण परवा मी गाठ मारून हाक मारायला विसरलो, तर चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला.

मी दोरा तोडला आणि हाक मारली.